साठ मिनिटांची यादी

हदगावात कॅसेट भरून द्यायचं काम मी ऐंशीच्या दशकात सुरू केलं आणि नव्वदचं दशक सरेपर्यंत करत राहिलो. दुकान मामांचं. ते माझे सख्खे मामा नव्हते, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. आत एक रेकॉर्ड प्लेअर, एक अँप्लिफायर, दोन टेपडेक, कानाला लावायचा हेडफोन, मागच्या फळीवर उभ्या लावलेल्या रेकॉर्डी आणि गल्ल्याशेजारी एक जाडजूड रजिस्टर. त्या रजिस्टरात निम्म्या पानांवर चित्रपटाच्या नावाने आणि निम्म्या पानांवर गायकाच्या नावाने गाणी लिहिलेली. गिऱ्हाईक कोरी कॅसेट घ्यायचं किंवा घरची आणायचं आणि गाण्यांची चिठ्ठी पुढे सरकवायचं. कोऱ्या कॅसेटचे पैसे वेगळे, भराई वेगळी. अशी गाणी उतरवून विकणं कायद्यात बसत नव्हतं, तरी त्या काळात तालुक्याच्या गावी असं एखादं दुकान असायचंच.

गाण्याचं वेड मला आधीपासून होतं. आवडलेलं गाणं पुन्हा पुन्हा ऐकावं, मित्रांशी वाद घालावा, रफी मोठा की किशोर यावर रात्र काढावी, एवढीच तेव्हा त्या वेडाची मजल. आवडीची गाणी जमवणं, त्यांचा क्रम लावणं आणि ती मनापासून ऐकणं ही तीन निरनिराळी कामं आहेत, हे मला दुकानात बसल्यावर समजलं. एक जमलं म्हणजे दुसरं आपोआप जमतं असं नाही. आज माझ्याकडे कोणी तरुण पोरं गाण्यांच्या गप्पा मारायला बसली की मी त्यांना या तीन कामांबद्दलच सांगत असतो.

चिठ्ठ्या

चिठ्ठी कशावरही लिहिलेली असायची. वहीचं फाडलेलं पान, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, सिगारेटच्या पाकिटातला पुठ्ठा. बाजाराच्या दिवशी निवघ्याचे, तामशाचे, मनाठ्याचे लोक यायचे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो, तिकडून उमरखेडचीही काही गिऱ्हाइकं येत. जीप चालवणाऱ्यांना दणदणीत गाणी लागत, कारण इंजिनाच्या आवाजावर ती ऐकू यायला हवीत. बँडवाल्यांना लग्नसराईच्या आधी नव्या सिनेमाच्या चाली बसवायच्या असत. ते एकच गाणं लागोपाठ तीनदा भरून घेत. म्हणजे मागे घेण्याची कटकट नको, पोरांनी वाजवत राहावं. भजनी मंडळं भीमसेन जोशींचे अभंग नेत. कचेरीतले काही तरुण जगजीत-चित्रा मागत. शाळेचे एक गुरुजी फक्त मदनमोहन भरून घेत, त्यातही लताबाईंनी गायलेलंच.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्याकडून मी जास्त शिकलो. एखाद्या मावशी काउंटरला टेकून सांगायच्या, "लेकरा, ते नाही का, ती झोक्यावर बसलेली असती अन् आभाळ भरून येतंय..." चित्रपटाचं नाव ठाऊक नाही, गाणारी कोण ते ठाऊक नाही. मी विचारायचो, एकटीच गाते की सोबत कोणी आहे? ढोलकी होती का? मग मावशी तोंडातल्या तोंडात चाल गुणगुणायच्या, शब्द अर्धे त्यांचे आणि अर्धे गाण्याचे. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि रजिस्टर न उघडता चित्रपट सांगायचे. रेकॉर्ड लावून पहिलं कडवं ऐकवलं की मावशींचा चेहरा उजळायचा, "हेच बघ!" त्यांनी ते गाणं कितीतरी वर्षांपूर्वी टुरिंग टॉकीजमध्ये एकदाच ऐकलेलं असायचं. जमवलेलं गाणं कपाटात असतं आणि रुजलेलं गाणं असं अंगात असतं. संग्राहक म्हणून आपण पहिल्या प्रकाराची काळजी वाहतो, पण खरी मालमत्ता दुसरी असते, हे मी त्या मावश्यांकडे बघून शिकलो.

मिनिटांचा हिशेब

साठ मिनिटांच्या कॅसेटीला एका बाजूला तीस मिनिटं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूला साधारण शहाऐंशी मीटर फीत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत तेवढ्याच डबीत जास्त फीत बसवायची म्हणून ती पातळ करावी लागते, आणि एकशेवीसची तर इतकी पातळ की आमच्याकडच्या उन्हाळ्यात जीपच्या डॅशबोर्डवर राहिली की गुंतलीच म्हणून समजा. त्यामुळे मामा शक्यतो साठचीच कॅसेट सुचवत. "कमी गाणी भर, पण टिकतील अशी भर," असं त्यांचं म्हणणं.

तीस मिनिटांत गाणी बसतात सात, फार तर आठ. पन्नाशीच्या दशकातली गाणी ७८ गतीच्या रेकॉर्डसाठी केलेली. त्या रेकॉर्डीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं, म्हणून शंकर-जयकिशन असोत की सी. रामचंद्र, सगळ्यांनी आपलं म्हणणं तेवढ्यात मांडलं. पुढे मोठ्या रेकॉर्डी आल्या आणि गाणी चार-पाच मिनिटांची झाली. कव्वाली मागितली की माझा सगळा हिशेब बदलायचा. 'बरसात की रात' (१९६०) मधली रोशन यांची मोठी कव्वाली बारा मिनिटांच्या घरात जाते. साठच्या कॅसेटीत ती टाकायची म्हणजे त्या बाजूची तीन-चार गाणी गेलीच. गिऱ्हाईक चिठ्ठीवर वीस गाणी लिहून आणायचं आणि मी सांगायचो, काका, यातली चौदा-पंधरा बसतील, कोणती काढू?

हा प्रश्न विचारला की माणूस गप्प व्हायचा. दुकानासमोरच्या बाकावर चिठ्ठी घेऊन बसायचा. पेन मागायचा. एक नाव खोडायचा, पुन्हा लिहायचा, दुसऱ्यावर काट मारायचा. काही जण उठून येत आणि म्हणत, "ते अमुक गाणं जरा लाव बरं." पूर्ण ऐकायचे, मान हलवायचे आणि मग निर्णय घ्यायचे. वीस नावं लिहिताना त्यांनी ते गाणं ऐकलं नव्हतं, नुसतं आठवलं होतं. काढायची वेळ आली तेव्हा ते पहिल्यांदा नीट ऐकलं. क्रम लावण्याचा खरा उपयोग मला तिथे दिसला. कोणतं गाणं श्रेष्ठ हे ठरवण्यासाठी क्रम लावावा असं मला वाटत नाही, पण दोन आवडत्या गाण्यांतलं एक ठेवायचं झालं की दोन्ही गाणी आपण कान देऊन ऐकतो, एवढ्यासाठी तो जरूर लावावा.

पहिला नंबर कुठे ठेवायचा

नवखं गिऱ्हाईक सगळ्यात आवडतं गाणं पहिलं टाकायला सांगायचं. जुने जाणते तसं करत नसत. कॅसेट सुरू होताना पहिले काही सेकंद कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. शिवाय फीत मागे गुंडाळली की झटका बसतो तो सुरुवातीलाच. ताण पडतो तिथे, फीत चुरगळते तिथे. म्हणून जिवाचं गाणं तिसरं किंवा चौथं ठेवायचं. बाजूच्या शेवटीही नको, कारण हिशेब थोडा चुकला तर शेवटचं गाणं मध्येच तुटतं. पहिल्या जागेला असं गाणं निवडायचं की जे ऐकणाऱ्याला बसवून घेईल, आणि शेवटाला असं की जे मोजून बसेल.

मधल्या गाण्यांची जोडही बघावी लागे. तलत महमूदच्या गाण्यानंतर लगेच आर. डी. बर्मनचं तालाचं गाणं आलं तर तलत पुसून जातो. दोन संथ गाण्यांनंतर एक चालतं गाणं हवं. एकाच गायकाची चार गाणी सलग आली की चौथं कितीही चांगलं असलं तरी कान थकलेला असतो. जुन्या रेकॉर्डीचा आवाज खाली, नव्याचा वर, म्हणून प्रत्येक गाण्याला लेव्हलची सुई बघत बटन फिरवायचं. गाणं सुरू होण्याआधी रेकॉर्डवर सुई टेकल्याचा खर्रर आवाज येतो. तो कॅसेटीत जाऊ नये म्हणून पॉजचं बटन दाबून ठेवायचं आणि पहिल्या सुराच्या क्षणभर आधी सोडायचं. हात बसायला वेळ लागला. पण एकदा बसल्यावर गाण्याची सुरुवात कशी होते याकडे जे लक्ष गेलं ते कायमचं. कोणतं गाणं सतारीने उघडतं, कोणतं नुसत्या आलापाने, कोणाच्या आधी बासरीचा एक तुकडा येतो, हे अजून सगळं हाताला पाठ आहे. नौशादांची गाणी पॉज सोडायला सोपी, कारण त्यांचं वाद्यवृंदाचं दार हळूहळू उघडतं. ओ. पी. नय्यर ठेक्यानेच सुरू करतात, तिथे बोट चपळ लागे.

गीतमाला आणि आमचा तालुका

क्रमवारीचं वेड आमच्या पिढीला लावलं ते रेडिओचे निवेदक अमीन सयानींनी. त्याआधीची गोष्ट अशी की १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवर चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली. नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आणि त्यांना शास्त्रीय संगीताला जागा द्यायची होती. ऐकणारे लोक मग सिलोनकडे वळले. १९५२ च्या ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी स्वतः सांगत. दर बुधवारी रात्री आठ वाजता गाणी खालच्या पायदानावरून वर चढत जायची. वर्षाच्या शेवटी वार्षिक क्रमवारी लागायची. १९५३ च्या वार्षिक यादीत सगळ्यात वर राहिलं 'अनारकली'मधलं सी. रामचंद्रांचं, लताबाईंनी गायलेलं गाणं. पुढे नावातला बिनाका जाऊन सिबाका आला, आणि १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

लहानपणी आमच्या घरी सिलोन लहरी घेत यायचं. आवाज मोठा व्हायचा, बुडायचा, मधेच दुसरीच भाषा घुसायची. पहिल्या क्रमांकाचं गाणं शेवटी असल्यामुळे ते नेमकं बुडू नये म्हणून रेडिओ हातात धरून अंगणात फिरायचो. त्या वाट बघण्यात गीतमालेची निम्मी गोडी होती. सगळ्यात वरचं गाणं सगळ्यात शेवटी, म्हणजे पोचण्याआधी बाकी सगळी गाणी ऐकून घ्यावी लागत. कितीतरी गाणी मला अशी वाटेत सापडली.

पण दुकानात बसल्यावर एक गोष्ट जाणवली. गीतमालेची क्रमवारी रेकॉर्डींचा खप आणि श्रोता संघांची मतं यांवर ठरायची. आमच्या तालुक्यात रेकॉर्ड विकत घेणारी घरं किती असतील? बोटांवर मोजण्याइतकी. तांड्यांवर, वाड्यांवर, बौद्धवाड्यांत, मोहल्ल्यांत जे ऐकलं जायचं ते कोणत्याच पायदानावर नव्हतं. आमच्या रजिस्टरात मात्र ते होतं, आणि सगळ्यात मळलेली पानं त्याचीच होती.

प्रल्हाद शिंदे यांचंच बघा. आषाढीच्या आधी त्यांची विठ्ठलाची गाणी भरून घ्यायला माळकरी मंडळी यायची. मार्च लागला की १४ एप्रिलच्या जयंतीसाठी भीमगीतांच्या याद्या सुरू व्हायच्या, त्यातही प्रल्हाद शिंदे. उरूस जवळ आला की कव्वालीच्या कॅसेटीत पुन्हा तेच. तीन वस्त्या, तीन सण, एकमेकांच्या याद्या एकमेकांना ठाऊक नाहीत, आणि तिन्हींच्या वरच्या नंबरात एकच आवाज. त्याच्या जोडीला वामनदादा कर्डक यांची गाणी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा कवी गावोगाव फिरून गायला. त्यांची कितीतरी गाणी लोकांच्या तोंडून लोकांपर्यंत गेली आणि कॅसेटीवर फार उशिरा आली. हदगाव नांदेड-नागपूर रस्त्यावरचं. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाऊन आलेली माणसं तिथल्या दुकानांतून नव्या कॅसेटी आणत आणि आधी आम्हाला ऐकवत. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. त्यांच्या गाण्यांचा क्रम लावायला कोणी सयानी नव्हते, पण आमच्या तालुक्यापुरती ती क्रमवारी माझ्या रजिस्टरात होती, आणि तिचा मला अभिमान आहे.

घासलेली फीत

जुनी कॅसेट पुसून नवी गाणी भरायला लोक आणत. पुसण्याआधी फीत धड आहे का बघायला मी ती थोडी थोडी चालवून ऐकायचो. बहुतेक ठिकाणी आवाज सारखा असायचा. एका जागी मात्र तो बसका यायचा, वरचे स्वर गेलेले, झांजेचा किणकिणाट बोथट झालेला. डबीचे स्क्रू काढून फीत उजेडात धरली की तेवढ्याच भागात कडेला बारीक सुरकुत्या दिसत. माणसाने तिथे पुन्हा पुन्हा थांबवलेलं, मागे घेतलेलं, परत लावलेलं असायचं. त्याच्या आवडीचा खरा नंबर तिथे असे.

हा घासलेला भाग चिठ्ठीवरच्या पहिल्या नावाशी जुळेलच असं नव्हतं. मदनमोहनवाल्या गुरुजींच्या एका कॅसेटीला दुसऱ्या बाजूच्या शेवटी चार मिनिटं उरली होती. यादी संपलेली. कोरी फीत सोडण्यापेक्षा मी माझ्या मनाने माणिक वर्मांचं एक भावगीत टाकलं. बऱ्याच महिन्यांनी गुरुजी तीच कॅसेट घेऊन आले, फीत तुटली म्हणून. तुटलेली दोन टोकं ब्लेडने तिरपी कापायची, जुळवायची आणि मागच्या गुळगुळीत बाजूला पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावून कडा साफ करायच्या. सरळ कापलं तर जोडावरून जाताना 'टक' असा आवाज येतो, तिरप्या जोडाचा येत नाही. ते करताना पाहिलं, फीत तुटली होती ती बरोबर त्या भावगीताच्या सुरुवातीला. मी गुरुजींकडे बघितलं. ते म्हणाले, "हे मी मागितलंच नव्हतं. आता त्याच्यावाचून ही कॅसेट लावत नाही मी."

त्या दिवसापासून मी एक रिवाज पाळला. गिऱ्हाईकाची हरकत नसेल तर शेवटच्या उरलेल्या जागेत माझ्या पसंतीचं एक गाणं. यादीत जे येतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. जे ठाऊक नाही ते यादीत लिहिताच येत नाही, त्याला बाहेरूनच यावं लागतं. आवडी वाढतात त्या अशाच.

तामशाजवळच्या बारालिंग देवस्थानातल्या भाजी-भाकरीच्या पंगतीत घरोघरची भाकरी आणि नाना तऱ्हेच्या भाज्या एकत्र होतात. कोणाच्या घरची कोणती, हे पंगतीत कोणी विचारत नाही, आणि त्या एकत्र शिजलेल्या भाजीची चव कोणत्याच एका घरच्या भाजीला नसते. चांगली भरलेली कॅसेट मला त्या पंगतीसारखी वाटते. एका माणसाची आवड, दुकानदाराचा कान, रेडिओवर अचानक कानी पडलेलं काहीतरी, मित्राने सुचवलेलं एखादं गाणं, असं सगळं तिच्यात शिजलेलं असतं.

नंबर न लावता जमवणारे

काही संग्रहांना क्रमवारी लागूच पडत नाही, हेही मला याच कामात उमगलं. एका काकूंनी 'गीतरामायणा'तली आवडती दहा गाणी मागितली. मी यादी करायला बसलो आणि अडलो. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी चाल दिलेली ती छप्पन्न गाणी. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी वर्षभर चालली. त्यांचा क्रम कथेचा क्रम आहे. वनवास आधी आणि स्वयंवर मागून, असं कसं करणार? काकूंना मी कथेच्या क्रमाने दहा भरून दिली. पुढे त्या एकेक करून उरलेली सगळी घेऊन गेल्या.

मामांकडे 'हिंदी फिल्म गीत कोश'चा एक खंड होता. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी हिंदी बोलपटांतल्या गाण्यांची दशकवार नोंद करून हे जाडजूड खंड काढले. चित्रपट, साल, संगीतकार, गीतकार, गायक, रेकॉर्डचा नंबर, सगळं ओळीने. त्यात चांगलं-वाईट असा शब्द कुठेही नाही. गाजलेल्या चित्रपटाला जेवढी जागा, आठवड्यात उतरलेल्या चित्रपटाच्या गाण्यालाही तेवढीच. दुकानात वाद पेटला, हे गाणं रोशनचं की मदनमोहनचं, की मामा तो खंड काढायचे आणि वाद मिटायचा. आयुष्य खर्चून केलेलं असं काम पाहिलं की संग्रह करणं किती मोठ्या मनाचं असू शकतं ते दिसतं. तसंच काम गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचं केलं. महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. जाती गेली, दळण गिरणीत गेलं, ओव्या मात्र त्या नोंदींमुळे राहिल्या.

आमच्याकडेही कधी कधी असं काही यायचं. तांड्यावरचा एक तरुण होळीच्या लेंगी गीतांची कॅसेट घेऊन आला. साध्या टेपरेकॉर्डरवर तांड्याच्या अंगणात धरलेला आवाज, मागे कुत्री भुंकतायत, लहान पोरं हसतायत, आणि मधोमध म्हाताऱ्या बायकांचे खणखणीत गळे. त्याला त्याच्या चार प्रती हव्या होत्या, भावांना वाटायला. ते गाणं जगात त्या एकाच फितीवर होतं. त्या कॅसेटीची प्रत करताना मी डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, नवी कोरी कॅसेट काढली, आणि घाईने दुप्पट गतीने प्रत न करता चालत्या गतीने केली, म्हणजे आवाज जसाच्या तसा उतरावा. मामांनी त्याच्याकडून भराई घेतली नाही.

"सगळंच टाका"

मग सीडी आल्या. एमपी थ्रीच्या एका सीडीत शंभरावर गाणी मावायला लागली. चिठ्ठ्या लांबल्या, मग चिठ्ठ्याच बंद झाल्या. पुढे मोबाइलचं मेमरी कार्ड आलं आणि तरुण पोरं काउंटरवर कार्ड ठेवून म्हणू लागली, "भाऊ, सगळंच टाका." बाकावर बसून कोणतं काढायचं हा विचार करणारं माणूस दिसेनासं झालं. मामांनी दुकान आवरतं घेतलं. रेकॉर्डी आणि रजिस्टर त्यांनी माझ्या हवाली केलं.

फोनवर आज पाहिजे ते गाणं क्षणात मिळतं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या गाण्यांसाठी आम्ही नांदेडच्या दुकानांत खेटे घातले ती आता हदगावच्या कोणत्याही पोराच्या खिशात आहेत. मावशींनी एकदाच ऐकलेलं गाणं शोधायला आता मामांसारख्या स्मरणशक्तीची गरज नाही. पण सगळं मिळतं तेव्हा काढायचं काहीच नसतं, आणि काढायचं नसलं की निवडायचं राहून जातं. मग फोन जे पुढे करेल ते आपण ऐकतो. गाणं अर्ध्यात बदलायची सवय लागते. तिसरं कडवं ऐकायला माणूस थांबत नाही, आणि कित्येक गाण्यांचा प्राण नेमका तिसऱ्या कडव्यात असतो.

म्हणून मी कॅसेटीची मर्यादा स्वतःवर लादून घेतली आहे. आजही यादी करतो ती तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजूंची. फोनवरच करतो, पण मिनिटं मोजून. नवं गाणं आत घ्यायचं तर जुनं एक बाहेर काढतो, आणि काढण्याआधी ते पूर्ण ऐकतो. बाहेर गेलेलं गाणं वर्षभराने परत यायला मोकळं असतं. यादीवर तारीख घालतो. दहा वर्षांपूर्वीची यादी वाचली की तेव्हा आपण कसे होतो ते कळतं. त्या वेळी शेवटाला कसंबसं बसवलेलं गाणं आज तिसऱ्या जागेवर आलेलं असतं, आणि ज्याच्यासाठी भांडलो होतो ते कधी गळून गेलं हे आठवतही नाही. असा क्रम बदलला तर मला वाईट वाटत नाही. कान वाढत असल्याची ती खूण आहे.

रफी मोठा की किशोर, हा वाद अजूनही चहाच्या टपरीवर रंगतो, आणि मी त्यात उत्साहाने पडतो. वाद घालणाऱ्याने दोघांचीही गाणी भरपूर ऐकलेली असतात. न ऐकणाऱ्याला वाद घालताच येत नाही. पण घरी जाऊन यादी करताना त्या वादातलं मोठं-लहान मी बाजूला ठेवतो. तिथे प्रश्न एवढाच असतो की आज संध्याकाळी तासभर बसायचं आहे, कोणत्या गाण्यामागून कोणतं आलं तर तो तास भरून पावेल.

माझ्याकडे गप्पा मारायला येणाऱ्या पोरांना मी हेच करायला सांगतो. फोनवर हजारो गाणी आहेत तर त्यातून साठ मिनिटं काढा. जिवाचं गाणं तिसरं ठेवा. आपल्या घरात, आपल्या वस्तीत ऐकलं जाणारं एक तरी गाणं त्यात घ्या. आजीच्या तोंडची ओवी असेल तर ती फोनवर आजच धरून ठेवा, तिची दुसरी प्रत कुठेही मिळणार नाही. आणि शेवटची चार मिनिटं मोकळी सोडून यादी दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, ज्याची आवड तुमच्यासारखी नाही अशाच्या. त्याला एक गाणं टाकू द्या. ते आधी आवडणार नाही कदाचित. तरी पूर्ण ऐका. पुढच्या वर्षी यादी करायला बसाल तेव्हा ते गाणं कुठल्या जागेवर गेलं ते बघा.